लाय की ले? 'पडणे-पाडणे'च्या आधाराने एक इंग्रजी घोळ सोडवण्याची रीत

आमच्या गल्लीच्या तोंडाशी पाण्याचे नवे पाइप आठ महिने पडून होते. मग एका शनिवारी जेसीबी आला आणि दोन दिवसांत ते टाकूनही झाले. हीच गोष्ट इंग्रजीत अशी होते: 'द पाइप्स ले देअर फॉर एट मन्थ्स. देन दे वेअर लेड इन टू डेज.' माझ्याकडे इंग्रजी मजकूर तपासायला येतो, त्यात पहिल्या वाक्यात हटकून 'लेड देअर' असतं. लिहिणारे बहुतेक जण शाळेत तक्ता घोकलेले असतात. 'लाय-ले-लेन, ले-लेड-लेड' झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवतील. तरी चूक होतेच, कारण ते सुरुवातच तक्त्यापासून करतात. तक्ता चौथ्या पायरीवर लागतो. आधीच्या तीन पायऱ्या मराठीत उरकायच्या असतात, आणि त्या वगळल्या की तक्ता पाठ असूनही हात चुकीच्या रकान्यात जातो.

## तयारी

एक कोरा कागद घ्या आणि त्यावर तीन ओळी लिहा. इथे मी उच्चार देतोय, तुम्ही इंग्रजी अक्षरांत लिहा. प्रत्येक ओळीत चार रूपं: साधा वर्तमान, साधा भूत, हॅव-हॅज-हॅडनंतरचं रूप आणि चालू काळाचं रूप.

पहिली ओळ, आडवं होणं, पडून असणं: लाय – ले – लेन – लाइंग.

दुसरी ओळ, ठेवणं, टाकणं, अंथरणं, घालणं: ले – लेड – लेड – लेइंग.

तिसरी ओळ, खोटं बोलणं: लाय – लाइड – लाइड – लाइंग.

आता पहिल्या ओळीतल्या दुसऱ्या रूपाभोवती आणि दुसऱ्या ओळीतल्या पहिल्या रूपाभोवती गोल करा. दोन्ही गोलांत एकच शब्द आहे, 'ले'. सगळा तंटा त्याच्यापायी आहे. 'ले' हा शब्द दिसला की तो 'पडून होतं' असेल किंवा 'ठेवतो' असेल, आणि नुसत्या शब्दाकडे पाहून ते कळत नाही.

सावधान: हा कागद पाठ करू नका. बाजूला ठेवा आणि सांगेन तेव्हाच उचला.

## पायरी १: खोटं बोलणारा आधी बाहेर काढा

वाक्यात खोटेपणाचा संबंध आहे का, एवढंच पाहा. असेल तर तिसरी ओळ, काम संपलं. 'ही लाइड इन द ॲफिडेव्हिट', म्हणजे प्रतिज्ञापत्रात तो खोटं बोलला. या क्रियापदाचं मूळच वेगळं आहे. जुन्या इंग्रजीत 'आडवं असणं' हे 'लिज्जन'सारखं उच्चारायचे, तर 'खोटं बोलणं' हे 'लेओगन' होतं. झिजून झिजून दोघं 'लाय' या एकाच उच्चाराला येऊन टेकले. नात्यातले नाहीत, नावबंधू आहेत.

ही पायरी पहिली का, ते पायरी ४ मध्ये कळेल. वगळू नका. पेशंटच्या नोंदीत 'ही लाइड ऑन द बेड' असं लिहिलेलं मी पाहिलंय. त्याचा सरळ अर्थ, पेशंट पलंगावर खोटं बोलला.

## पायरी २: वाक्य मराठीत म्हणा आणि 'ने' शोधा

इंग्रजी व्याकरणाची पुस्तकं इथे 'कर्म आहे का ते शोधा' म्हणतात. बरोबरच आहे, पण घाईत कर्म सापडत नाही. मराठी माणसाजवळ याहून सोपी कसोटी आहे.

वाक्य मराठीत, भूतकाळात, 'तो' किंवा 'ती' कर्ता घेऊन म्हणा. कर्त्याला 'ने' किंवा 'नी' लागला तर ते दुसऱ्या ओळीचं, म्हणजे 'ठेवणं'वालं. नाही लागला तर पहिल्या ओळीचं.

ती सोफ्यावर आडवी झाली. 'ने' नाही, पहिली ओळ.
तिने चटई अंथरली. 'ने' आहे, दुसरी ओळ.
कोंबडीने अंडं घातलं. दुसरी ओळ. पोल्ट्रीवाले 'लेअर पक्षी' म्हणतात ते याच घरातलं, अंडी घालणारे.
गाव नदीकाठी वसलं होतं. पहिली ओळ.
तापाने त्याला आडवं केलं. दुसरी ओळ: 'द फीव्हर लेड हिम लो.'

'मी', 'तू', 'आम्ही', 'तुम्ही' यांना 'ने' दिसत नाही, म्हणून ते कर्ते घेऊन ही कसोटी लावू नका. 'मी चटई टाकली' मध्ये 'ने' नाही, म्हणून पहिली ओळ, असं समजलात की फसलात. तिथे 'मी'च्या जागी 'ती' घाला: तिने चटई टाकली.

दुसरा खड्डा मोठा आहे. मराठीत कर्ता गाळायची सवय आपल्याला फार. 'पाइप टाकले आहेत', 'किल्ल्या टेबलावर ठेवल्या होत्या'. इथे 'ने' दिसत नाही, कारण 'ने' घेणारा माणूसच वाक्यातून उठून गेलाय. अशा वेळी विचारा: कोणी? 'पाइप टाकले' – कोणी? ठेकेदाराने. प्रश्न बसला, दुसरी ओळ. 'पाइप पडून आहेत' – कोणी? प्रश्नच बसत नाही. पहिली ओळ.

आणि एक मराठमोळा अपवाद. 'घरी आल्यावर त्याने अंथरुणावर अंग टाकलं.' इथे 'ने' आहे, कारण आपण 'अंग' हे कर्म मराठीत बोलून दाखवतो. इंग्रजीत सहसा अंगाचा उल्लेख होत नाही, म्हणून साधं 'ही ले डाउन', पहिली ओळ. पण 'ही लेड हिमसेल्फ डाउन' म्हटलंत तर तेही बरोबर, कारण स्वतःला टाकलं, म्हणजे कर्म आलं. निजतानाच्या जुन्या इंग्रजी प्रार्थनेत मुलं 'आय ले मी डाउन' म्हणतात ते आपल्या 'अंग टाकणे'सारखंच. पुढे कित्येकांच्या बोलण्यातून तो 'मी' गळाला आणि 'आय ले डाउन' तेवढं मागे राहिलं.

तपासा: ही कसोटी फक्त या जोडीपुरती आहे. 'ती धडा शिकली' मध्ये कर्म असूनही 'ने' नाही. बाकीच्या इंग्रजी क्रियापदांवर ती चालवायला जाऊ नका.

## पायरी ३: काळ ठरवा, तोही मराठीतच

पहिल्या ओळीचं काम असेल तर मराठी शेपटीकडे बघा.

'पडून आहे' असेल तर 'इज लाइंग'. 'पडून राहिला', 'आडवा झाला', 'पडून होता' असेल तर 'ले'. 'वॉज लाइंग'ही चालतं, विशेषतः मध्येच दुसरं काही घडलं असेल तर: ती पडली होती, तेवढ्यात बेल वाजली. 'सोमवारपासून पडून आहे' असेल तर 'हॅज लेन' किंवा 'हॅज बीन लाइंग'.

'लेन' हे रूप आता बोलण्यात फारसं ऐकू येत नाही. लिहिताना अडखळायला होत असेल आणि अवस्था अजून चालूच असेल, तर बिनधास्त 'हॅज बीन लाइंग' लिहा. 'हॅज लेड' मात्र लिहू नका. 'द फाइल हॅज लेड ऑन हिज डेस्क सिन्स मंडे' म्हणजे ती फाइल सोमवारपासून काहीतरी घालतेय, बहुधा अंडी.

दुसऱ्या ओळीला काळ सोपा आहे. भूतकाळ असो की 'हॅव'नंतरचं रूप, दोन्हीकडे 'लेड'च.

## पायरी ४: आता कागद उचला

ओळ ठरली, काळ ठरला. आता बोट त्या ओळीवर ठेवा आणि रूप उचला. चुका बहुतेक याच ठिकाणी होतात: ओळ बरोबर निवडलेली असते, पण भूतकाळ म्हटला की मन 'ड' शोधतं. इंग्रजी भूतकाळाला शेवटी 'ड' लागायची इतकी सवय झालेली असते, की 'ले' हा भूतकाळ अपुरा वाटतो आणि हात आपोआप 'लेड' लिहितो.

इथे थोडं मूळ कामाला येतं. मराठीत झाड पडतं आणि माणूस झाड पाडतो. इंग्रजीतही तसंच आहे:

झाड पडलं: 'द ट्री फेल.'
त्यांनी झाड पाडलं: 'दे फेल्ड द ट्री.'

पडणे म्हणजे फॉल – फेल – फॉलन. पाडणे म्हणजे फेल – फेल्ड – फेल्ड. नीट पाहा, 'पडलं'चा 'फेल' आणि 'पाडतो'चा 'फेल' हा एकच शब्द. लाय आणि ले यांच्यात अगदी हीच रचना आहे. 'आडवा झाला'चा 'ले' आणि 'आडवं ठेवतो'चा 'ले' एकच. म्हणजे हा घोळ एकट्या लायचा नाही, खानदानी आहे.

ही सारखी ठेवण योगायोगाची नाही. जुन्या इंग्रजीत 'लिज्जन' म्हणजे आडवं असणं, आणि त्यावरून बनवलेलं प्रयोजक 'लेज्जन' म्हणजे आडवं करवणं. मूळ क्रियापदाचा स्वर बदलायचा, एक प्रत्यय जोडायचा, की 'करणं'चं 'करवणं' होतं. संस्कृतात 'पतति'चं 'पातयति' असंच होतं, आणि त्यातूनच आपलं पडणे-पाडणे आलं. मरणे-मारणे, तरणे-तारणे त्याच साच्यातले. इंग्रजी आणि संस्कृत दोघी इंडो-युरोपीय कुळातल्या, आणि प्रयोजक बनवायची ही युक्ती त्या कुळाच्या जुन्या ठेव्यातली. पुण्यात जर्मन शिकलेल्यांना 'लीगन' आणि 'लेगन' ही जोडी भेटलेली असेल, तीही हीच.

यातला कामाचा भाग एवढाच: या जोड्यांत मूळ क्रियापद भूतकाळात पोटातला स्वर बदलतं (लाय-ले, फॉल-फेल). त्याच्यापासून बनवलेलं प्रयोजक शेवटी 'ड' घेतं (ले-लेड, फेल-फेल्ड). पडणाऱ्याला 'ड' नाही, पाडणाऱ्याला 'ड'. पायरी १ मध्ये खोटं बोलणारा बाहेर काढला तो याचसाठी, कारण त्याचा भूतकाळही 'लाइड', म्हणजे 'ड'वाला, आणि तो मध्ये राहिला तर हा नियम कोलमडतो.

तपासा: तुमच्या वाक्यात 'लेड' आलंय? मग मागे किंवा पुढे ठेवली, टाकली, अंथरली गेलेली एखादी वस्तू बोटाने दाखवता आली पाहिजे. नाही दाखवता आली तर पायरी २ वर परत जा.

## पायरी ५: स्पेलिंग

इथे झटपट जाऊ, पण इथले गुण हकनाक जातात.

'लेड' म्हणजे एल-ए-आय-डी. 'ले'ला सरळ ई-डी जोडून केलेलं रूप चूक. फसवणूक कुठून होते? 'डिले' आणि 'रिले' यांच्यापासून. त्यांची भूतकाळी रूपं 'डिलेड', 'रिलेड' खरोखरच वाय-ई-डीने संपतात, कारण ते शब्द फ्रेंचमधून आले, 'ले'च्या घरातले नाहीतच. उलट वाटेत गाठणं, म्हणजे 'वेले', हा मात्र घरातला, म्हणून त्याचं 'वेलेड' ए-आय-डीने.

'लाइंग' एल-वाय-आय-एन-जी. आडवं पडणं असो की खोटं बोलणं, दोन्हीकडे तेच. 'लाय'चं आय-ई तसंच ठेवून पुढे आय-एन-जी चिकटवू नका.

'लेन' एल-ए-आय-एन. गल्लीच्या 'लेन'चा उच्चार तोच असला तरी स्पेलिंग वेगळं.

सावधान: कॉम्प्युटरचा स्पेलचेक इथे भरवशाचा नाही. 'ले', 'लेड', 'लेन', 'लाइड' हे सगळे खरे शब्द आहेत. नुसतं स्पेलिंग तपासणाऱ्याला त्यात खोट दिसायचं कारणच नाही.

## पायरी ६: ठरलेल्या जोड्या ओळखा

काही ठिकाणी क्रियापद एकटं येत नाही, ठरलेल्या साथीदाराबरोबर येतं. तिथे नव्याने विचार न करता जोडी उचलायची. ज्यांत मराठी माणूस अडकतो तेवढ्याच सांगतो.

डॉक्टर म्हणतात, 'टेबलावर झोपा.' याचं इंग्रजी 'स्लीप ऑन द टेबल' नाही. झोप लागायला नको आहे, आडवं व्हायचंय. 'प्लीज लाय डाउन.' नातेवाइकांनी पेशंटला उचलून टेबलावर निजवलं असेल तर 'दे लेड हिम ऑन द टेबल'. 'झोपणे' हा शब्द मराठीत दोन्ही कामं करतो, म्हणून भाषांतर करताना आधी डोळे मिटले की नाहीत ते विचारा.

नोकरकपातीबद्दल लिहिताना 'आय लेड ऑफ फ्रॉम द कंपनी' असं अर्जात येतं. कोणी कमी केलं? कंपनीने. म्हणून 'आय वॉज लेड ऑफ'. 'वॉज' गाळला की तुम्हीच कोणाला तरी कामावरून कमी केल्यासारखं होतं. कामगार कायद्याच्या मजकुरात आणखी जपून: औद्योगिक संबंध संहिता, २०२० मध्ये (आणि तिच्याआधीच्या औद्योगिक विवाद कायदा, १९४७ मध्येही) 'ले-ऑफ' म्हणजे मालकाला तात्पुरतं काम देता न येणं. कामावरून कायमचं कमी करणं त्यात वेगळं आहे, त्याला 'रिट्रेंचमेंट' म्हटलंय. आयटीवाले दोन्हीला लेऑफ म्हणतात. बोलण्यात ठीक आहे, वकिलाच्या नोटिशीत नाही.

वकिलांचं 'ॲन अपील लाइज टू द हायकोर्ट' हे पहिल्या ओळीचं. अपील तिथे 'चालतं', ते कोणी तिथे ठेवत नाही. जबाबदारी, दोष, अडचण हेही पहिल्या ओळीचे: 'द फॉल्ट लाइज विथ द सप्लायर.'

उलट, विधिमंडळात कागदपत्रं 'सभागृहाच्या पटलावर ठेवली जातात', ते दुसऱ्या ओळीचं. राज्यघटनेच्या १५१व्या अनुच्छेदात कॅगचे अहवाल विधिमंडळापुढे ठेवण्याबद्दल 'लेड' हेच रूप वापरलंय. सरकारी इंग्रजीत हे रूप वारंवार लागतं, आणि 'पटलावर ठेवणे' हे मराठी डोक्यात असलं तर चुकायचा प्रश्न नाही.

बांधकामात तर सगळा कारभार दुसऱ्या ओळीचा. अंदाजपत्रकात 'प्रोव्हायडिंग अँड लेइंग' असतं, कारण पाइप, फरशी, केबल कोणीतरी टाकतं. पाया घालणं, कोनशिला बसवणं हेही तेच. गेटवे ऑफ इंडियाची पायाभरणी ३१ मार्च १९११ रोजी मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज सिडनहॅम क्लार्क यांनी केली. इंग्रजीत 'द फाउंडेशन स्टोन वॉज लेड'. आणि नागपूरकडच्यांना तर ही पायरी शिकवायचीच गरज नाही. तिथे शेताचे प्लॉट करतात त्याला 'लेआउट पाडला' म्हणतात, पांडे लेआउटसारखी वस्त्यांची नावंच आहेत. 'ले'बरोबर 'पाडणे' त्यांच्या तोंडी आधीच बसलेलं आहे.

शेवटची जोडी जरा खट्याळ. लपून, गप्प राहणं म्हणजे 'लाय लो', त्याचा भूतकाळ 'ले लो'. 'लेड लो' म्हणजे तापाने, कर्जाने, कशाने तरी आडवं पाडलं. चोर पोलिसांना चुकवून बसला असेल तर 'ही ले लो'. सापडून मार खाल्ला असेल तर 'ही वॉज लेड लो'.

## पायरी ७: उलट तपासणी

वाक्य लिहून झालं की 'ले'च्या जागी त्याच काळातलं 'पुट' ठेवून वाचा. 'शी पुट द कीज ऑन द टेबल' बसतं, मग 'लेड' बरोबर. 'द कीज पुट ऑन द टेबल ऑल डे' बसत नाही, मग 'लेड' चूक, 'ले' हवं. ही युक्ती पडताळ्यासाठी ठेवा, पहिली पायरी म्हणून नको. ठरलेल्या जोड्यांमध्ये ती अडखळते, 'पुट ऑफ'चा अर्थ तर भलताच होतो.

एक सूचना माझ्या स्वभावाविरुद्ध देतो. समोरचा इंग्रज किंवा अमेरिकन 'आयम गोइंग टू ले डाउन' म्हणाला तर त्याला दुरुस्त करू नका. ते लोक शतकानुशतकं असं बोलत आलेत आणि त्यांचे व्याकरणकार अठराव्या शतकापासून त्यांना रागवत आलेत. परीक्षा, अहवाल, अर्ज, नोंदी, नोटिसा यांत मात्र भेद पाळा.

## सराव

खालच्या प्रत्येक वाक्यात एक चूक आहे. सातही पायऱ्या क्रमाने करा, उत्तराकडे नंतर बघा.

क) द डॉग वॉज लेइंग इन द सन.
ख) शी ले द बेबी इन द क्रेडल ॲट नाइन लास्ट नाइट.
ग) द लेटर हॅज लेड अनओपन्ड फॉर अ वीक.
घ) आय लेड डाउन आफ्टर लंच यस्टरडे.
च) ही लाइड द टाइल्स हिमसेल्फ.

क मध्ये कुत्रा उन्हात पडला होता, 'ने' नाही, म्हणून 'लाइंग'. ख मध्ये तिने बाळाला पाळण्यात ठेवलं, तेही काल रात्री, म्हणून 'लेड'. ग मध्ये पत्र पडून आहे, म्हणून 'हॅज लेन' किंवा 'हॅज बीन लाइंग'. घ मध्ये 'मी' आहे, तर 'ती' घालून बघा: ती जेवणानंतर आडवी झाली, 'ने' नाही, म्हणून 'आय ले डाउन'. च मध्ये त्याने फरशी स्वतः बसवली, 'लेड'. आहे तसं सोडलं तर वाक्याला अर्थच उरत नाही, 'खोटं बोलणे'ला फरशी हे कर्म लागत नाही.

घ चुकलं असेल तर तुम्ही एकटे नाही. पायरी २ मधला 'मी'चा इशारा पुन्हा वाचा, आणि 'मी' कर्ता असलेली तुमची स्वतःची चार वाक्यं कागदावर करून बघा.